डोंगराचा हुंदका

भिवंडी,
ता. ४ ऑक्टोबर १९७६

चि. नूरुन्निसा हिस भाईचे अनेक उत्तम आशीर्वाद व दुवा. वि. वि.

पत्र पोचलं. झरीनाचा निकाह ठरला हे वाचून डोळे भरले, आणि वरातीला नाशिकचा बँड येणार हे वाचून लगेच कोरडे झाले. आपला धाकटा भाऊ आज असता तर त्याने लेकीच्या दारात सिनेमाची गाणी वाजू दिली असती?

जामसरच्या जिवाचा तारपा तू ऐकला नाहीस. सतराच्या पाढ्याने शाळेतून पळवून लावलं की मी थेट त्याच्या पाड्यावर जात असे. भात कापून झालेलं असायचं. जिवा तो भोपळ्याचा लांब तारपा पोटाशी धरून फुंकायचा आणि माणसं कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरायची. त्याचा एक सूर होता. चढत चढत जायचा, एका जागी अडायचा, तिथं डोंगर हुंदका द्यायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. त्या सुराला शाळेचा वारा नव्हता, शहराची धूळ नव्हती. रानाच्या ओठावरचं ते पहिलं काव्य! त्यावर मी कविता केली आहे. पाकिटाचं वजन वाढेल म्हणून जोडत नाही.

जिवाचा राघो अजून वाजवतो म्हणतात. दारात तो सूर वाजणार असेल तरच येईन. बँड असेल तर माझा सलाम टपालाने येईल.

लोभ आहेच, तो आटू देऊ नये.
कुतुबुद्दीन

जव्हार,
ता. १३ ऑक्टोबर १९७६

ती. भाईस नूरचा सलाम. वि. वि.

सलाम टपालाने आला तर वली म्हणून पोस्टमनला उभा करू का? झरीनाला बाप नाही. निकाहाला तिच्या बाजूने तूच उभा राहायचास. पोरीने तुझं पत्र वाचलं आणि धड जेवली नाही. बाजा नको, पण बडे अब्बांना आणा म्हणते. आणि आपल्या भावाचं म्हणशील तर तो सिनेमा बघायला ट्रकमधून नाशिक गाठणारा माणूस. बँडच्या पुढे तोच नाचला असता.

नवऱ्याकडच्यांच्या हातापाया पडून बँड वेशीवरच थांबवायचं ठरवलंय. राघोला बोलावलं. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचंय, तरी लग्नापुरता थांबेन म्हणाला. ओट्यावर बसून आधी त्याने सिनेमाचंच गाणं वाजवलं. भट्टीवर मुकादमाला तेच लागतं म्हणे. मग मी बापाचा सूर वाजवायला सांगितला. भाई, मी तोंडात पदर कोंबून आत पळाले. का, ते आत्ता सांगत नाही. आधी तू ये.

माया असू दे, हट्ट भिवंडीत ठेवून ये.
नूर

भिवंडी,
ता. १६ नोव्हेंबर १९७६

चि. नूर हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचलो. कानात अजून राघोच आहे. निकाहानंतर दारात सूर उठला आणि मला समोरचं दिसेना. पण मी एकटाच नव्हतो. आमच्या वर्गातला हारुन शिंपी, वामन सोनार, एरवी वाळल्या लाकडासारखी ही माणसं, डोलत होती गं. हारुनचे ओठ हलत होते, दुवा मागत असावा. वामन तर बोटांच्या पेरांवर जप करत होता. आणि हुंदक्यापाशी सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. कविमन कुणाचं आहे, हे माणसांना कळतं.

आता कवितेसकट रेडिओवाल्यांना कळवतो: अक्षराचा स्पर्श न झालेलं संगीत जामसरात जिवंत आहे. पाकीट तयार आहे.

तुझ्या लोभाचा भुकेला,
कुतुबुद्दीन

जव्हार,
ता. २३ नोव्हेंबर १९७६

ती. भाईस सलाम. वि. वि.

पाकीट टाकू नकोस.

राघोच्या घरी त्या सुराला साळंचं गाणं म्हणतात, म्हणजे शाळेचं. जिवा गवताचा भारा विकायला जव्हारला यायचा आणि शाळेच्या खिडकीखाली दम खायचा. शहरातलं तेवढं एकच गाणं त्याला आवडलं. आपलं घर शाळेला लागून, मीही ते रोज ऐकलंय. हारुनभाई दुवा मागत नव्हते. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. वामनदादांचा जपही तोच.

पंच्याऐंशीला सूर का अडतो, ते मी सांगू? एकाने पाढा सांगायचा, बाकीच्यांनी मागून म्हणायचा. तुझी पाळी आली की सतरा पंचेच्या पुढे तुला कधी जाता आलं नाही. मग छडी, मग हुंदका, मग पुन्हा पहिल्यापासून. जिवाने ऐकलं तसं उचललं. तो हुंदका डोंगराचा नाही, भाई. तुझा आहे.

राघो विचारत होता, गाणं तिथं तुटतं ते बरं नाही, पुढचं माहीत असेल तर सांगा, जोडून घेतो. म्हटलं, ज्याचं आहे त्याला विचारते.

रागाव हवं तर, पण माया पातळ करू नकोस.
नूर

भिवंडी,
ता. २ डिसेंबर १९७६

चि. नूर हिस आशीर्वाद. वि. वि.

चार दिवस तुझ्याशी अबोला धरला होता, तुला कळलं नसेल. पाकीट फोडलं. कविता तशीच ठेवली, फक्त 'रान' खोडून 'वर्ग' केलं, वृत्तात बसतं.

काल नातवापुढे तो सूर धरला आणि पंच्याऐंशीपर्यंत बिनचूक गेलो. पुढचं त्याने सांगितलं, एकशे दोन. छे, सुरात बसत नाही. राघोला म्हणावं, काही जोडू नकोस. सूर अडतो तिथंच अडू दे.

लोभ मात्र अडू देऊ नये.
कुतुबुद्दीन