वेलची घातलेला द्राक्षरस

नायगाव,
२७ जानेवारी २०२५

ती. सौ. सुवार्ता वहिनीस,
रखमाचा सप्रेम सलाम वि. वि.

पत्र बघून हसशील. नळावर पाय घसरला, घोट्याला प्लास्टर आहे, आणि चाळीचा तिसरा मजला. अर्धी बिऱ्हाडं नव्या टॉवरच्या नावानं निघून गेली, मला धरून जिना उतरवायला माणूस मिळत नाही. फोन करावा तर डॉक्टरांनी तुझ्या गळ्यातली आवाजाची पेटीच काढलेली. मी एकटीच बडबडते आणि पलीकडून नुसता श्वास येतो. मोबाईलवर टाइप करणं माझ्या बोटांना जमत नाही. म्हणून हे चौथी पास अक्षर सोस. दादा पिशव्या घेऊन माझगाव-नायगाव करतोच, तो पत्र आणेल. बसमध्ये उघडून वाचणार हे मला ठाऊक आहे. दादा, वाचलंस तर घडी तरी नीट घाल.

आता मुद्द्याचं. दादा म्हणाला, चर्चचे पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेऊन घरी आले आणि तू भिंतीकडे तोंड करून पडलीस. इतकी वर्षं चर्चच्या मेजावरची भाकर तू भाजलीस, द्राक्षरस तू केलास, आणि तुझ्या दारात आलेला तोच प्रभू परत पाठवलास. हे काय नवीन? नळी नाकात घातली आहे, डोक्यात नाही.

दुसरं असं की गेल्या महिन्यात दादानं केलेली भाकर पापडासारखी झाली होती म्हणे. या वेळेस मी करते. स्टुलावर बसून हात चालतात. कृती लिहून पाठव, आणि थोडक्यात पाठव, मला लांबण आवडत नाही.

माझ्यावरचा लोभ राहू दे, राग मावेल तेवढाच धर.
तुझी नणंद,
रखमा


माझगाव,
२९ जानेवारी

चि. रखमास,
अनेक आशीर्वाद.

नळीबद्दलचं वाक्य ड्रेसिंगला येणाऱ्या प्रिती सिस्टरला दाखवलं. ती हसली. मी हसले की गळ्याला परत घातलेले टाके ओढतात, तेव्हा जरा जपून लिहीत जा.

कृती थोडक्यात: काळे मनुके रात्री भिजत घाल. सकाळी त्याच पाण्यात उकळ, कुस्कर, मलमलीतून गाळ. बाकी काहीही घालायचं नाही. भाकर बेखमीर, न आंबवलेली, पातळ, आणि मीठ नको. तुझा हात मिठाला सैल आहे म्हणून दोनदा सांगते, मीठ नको.

पाळकसाहेब भला मुलगा आहे. त्यानं भाकरीचा तुकडा माझ्या ओठांना लावला, म्हणाला मनानं घ्या, तेवढं पुरे आहे, आणि तुकडा परत डबीत ठेवला. रखमा, दीड वर्ष झालं, माझ्या तोंडून पाण्याचा घोटसुद्धा खाली उतरलेला नाही. प्रभू म्हणाला, घ्या, खा. तो एवढंच मागतो आणि माझ्याच्यानं तेवढंही होत नाही. दुकानाच्या काचेला नाक लावून उभं राहावं तसं वाटलं. त्यापेक्षा भिंत बरी.

आणि मला बोलणारी तू कोण? तुझे आनंदराव गेल्यापासून शेवटच्या बाकावर बसतेस, प्रभुभोजनाचं ताट आलं की न घेता पुढे सरकवतेस. तुला वाटतं कुणी बघत नाही. मेज आवरणाऱ्या बाईला सगळं दिसतं, वन्सं.

पायावर जोर देऊ नकोस. माया आहे ती तशीच धरून ठेव.
सुवार्ता


नायगाव,
४ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सलाम वि. वि.

दादानं सांगण्याआधी मीच सांगते. मीठ घातलं नाही. वेलची घातली. चाखून बघितलं तर आंबट-तुरट लागला, म्हटलं प्रभूच्या घरी असलं कसं द्यायचं, चार वेलदोडे कुटून टाकले. दादा म्हणाला, पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि एकीनं बाहेर आल्यावर विचारलं की आज कुणाचा साखरपुडा होता. पुढच्या वेळी साधा करीन.

आता तुझ्या खाण्याचं. दादा तुला रोज मुगाचं पाणी, पेज, दूध मिक्सरमध्ये फिरवून, गाळून, सिरिंजनं नळीत घालतो. मी विचारते, काय रे, वहिनी जेवली का, तर म्हणतो जेवली. नळीत मूग घातले असं नाही म्हणत. मग भाकर द्राक्षरसात भिजवून, कुस्करून, गाळून घातली तर ते जेवण नव्हे असं कोण म्हणतो? बायबलातल्या त्या पक्षघाती माणसाला चौघांनी छप्पर उचकटून प्रभूपुढे खाली सोडला. दारातून आला नाहीस म्हणून प्रभूनं त्याला परत लावून दिला काय?

पाळकसाहेबांना फोन करून हेच विचारलं. म्हणाले, चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांशी बोलतो. काल त्यांचा उलट फोन आला. कुणाचीच हरकत नाही, पण सुवार्ताबाईंनी स्वतः हो म्हटलं पाहिजे. तर हो म्हण आणि विषय संपव.

कळव. लोभ आहेच, तो मुद्दाम मागत नाही.
रखमा


माझगाव,
२० फेब्रुवारी

चि. रखमास,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. वेलचीचं वाचून हसले आणि टाके दुखले, ते तुझ्या खात्यावर. पण तुझा प्रश्न रोज उघडून वाचत होते. छपराची गोष्ट मी संडे स्कूलच्या मुलांना किती वेळा सांगितली असेल.

परवा परळच्या हॉस्पिटलात दाखवायला गेलो होतो. टाके आतून पुन्हा पिकलेत. नळी कधी निघेल म्हणून तुझ्या दादानं विचारलं, तर डॉक्टर आता ‘कधी’ हा शब्द वापरत नाहीत. संध्याकाळी दोन बायका प्रार्थनेला आल्या. डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, ताई, विश्वास कमी पडतोय, नाहीतर एव्हाना बऱ्या झाला असता. मी पाटीवर लिहिलं, चहा घेऊन जा.

त्या गेल्या, पण त्यांचं बोलणं इथेच राहिलं. तुला खरं लिहिते, तुझ्या दादाला सांगू नकोस. (अहो, तुम्ही वाचत असाल तर वाचलं नाही असं समजा.) खाता येत नाही हे मी पुढे केलं, आतलं दुखणं वेगळं आहे. मी रोज प्रार्थना करते. शब्द आईनं शिकवले तेच. पण चव गेली. आधी स्तोत्र वाचलं की आत कुठेतरी गोड व्हायचं. आता नुसती वाचते. आवाज गेला तेव्हा रडले नाही, पण हे गेलं म्हणून रडते. अशा कोरड्या जिवानं प्रभूच्या मेजाशी बसायचं म्हणजे त्याला फसवणं नाही का? त्या बायका खरंच बोलल्या असतील तर?

माझ्यासाठी तूच जरा प्रार्थना कर म्हणणार होते, पण तुझं प्रभूशी बोलणंच नाही.
सुवार्ता


नायगाव,
२३ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सलाम वि. वि.

त्या दोघींची नावं दादाला विचारली, तो सांगत नाही. शहाणा आहे. माझा पाय बरा होतो आहे एवढंच त्यांना कळव.

आनंदा पाच वर्षं डायलिसिसला जायचा. मशीनवर पडल्या पडल्या भजनं म्हणायचा, शेजारच्या खाटेवरचे मुसलमान चाचा टाळ्या वाजवून साथ धरायचे. त्याचा विश्वास कमी पडला म्हणणारीनं माझ्यासमोर यावं. तो गेला आणि मी देवाशी बोलणं टाकलं. आपल्या गावाकडे ज्याच्याशी बोलणं नाही त्याच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत. म्हणून ताट सरकवते. चर्चला येते ती आनंदाला आवडायचं म्हणून. बघितलंस ते बरोबर बघितलंस.

आता चवीचं. तुला मुगाच्या पाण्याची चव लागते काय? जिभेला शिवतसुद्धा नाही. दीड वर्ष बिनचवीचं पोटात जातंय, आणि दादा म्हणाला मागच्या महिन्यात तुझं वजन वाढलं. मग जगलीस कशावर? प्रार्थनेचं तसंच असेल, मला काय कळतंय. चव लागत नाही तरी रोज घालतेस ना? उपाशी ठेवलं नाहीस ना स्वतःला? मग फसवलंस कुणाला? चव लागते म्हणून जेवायला कुणीही बसतं.

प्लास्टर मंगळवारी निघतं. २ मार्चला उपासना झाली की पाळकसाहेब आणि मी टॅक्सीनं येतो. प्रिती सिस्टरला फोनवर विचारलं, म्हणाली दोनदा गाळा, कण राहता कामा नये. द्राक्षरस साधा करीन, वेलची नाही.

आणि माझं. तुझ्या शेजारी बसून मी तोंडानं घेईन. भांडण मिटलेलं नाही, ते मी त्याला सांगितलं आहे. पण आजाऱ्याला एकटं जेवू घालत नाहीत.

भिंतीकडे तोंड केलंस तर खाट फिरवीन. प्रेम असू दे.
रखमा


माझगाव,
३ मार्च

प्रिय रखमास,
आशीर्वाद, आणि या वेळेला माझाही सलाम.

काल पाटी हातात घेईपर्यंत तुम्ही जिना उतरला होतात, म्हणून हे पत्र.

घ्या, खा, म्हणताना पाळकसाहेब माझ्या नळीकडे बघून अडखळला, आणि तू सिरिंज धरून, लहान मुलाला औषध पाजताना दटावतात तशी, हं, घे, म्हणालीस. मग तुझा तुकडा तोंडात टाकलास आणि खिडकीकडे तोंड करून किती वेळ चावत बसलीस. एवढ्याशा तुकड्याला इतकं चावायला लागत नाही, वन्सं. तुझे दादा चष्मा शोधत होते, तो त्यांच्या डोळ्यांवरच होता.

मला काही झालं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. गोड वाटलं नाही, रडू आलं नाही. नाकात नळी थोडी गार लागली, तेवढंच. मी आमेन म्हटलं, ओठांनी. म्हटलं, रखमा म्हणते तसं, गेलं ना पोटात, झालं.

तुम्ही गेल्यावर तासाभरानं मला ढेकर आला.

वेलचीचा.

काल चर्चमध्ये कुणाला वेलची लागली नाही असं तुझे दादा शपथेवर सांगतात. म्हणजे माझ्या बाटलीत तेवढी वेगळी घातलीस. कबूल करून परत शब्द मोडणारी तू एकटीच. मी उठून बसले. दीड वर्षानं तोंडाला कशाची तरी चव कळली, रखमा, आणि ती त्याच्या मेजावरची. तुझे दादा घाबरले, पाटी पुढे केली, काय होतंय लिही म्हणाले. मी लिहिलं, गोड. ते बिचारे अजून विचारताहेत काय गोड.

टाके तसेच आहेत, आज ड्रेसिंगला फार दुखलं. नळी राहील असं दिसतं. रात्री स्तोत्र वाचलं, कोरडंच गेलं. पण मी ते घातलं.

ईस्टरला भाकर आणि द्राक्षरस तूच कर. मंडळीचा साधा कर. माझ्या बाटलीचं मी काही बोलत नाही.

तुझं भांडण त्याच्याशी चालू दे, पण जेवायला येत जा. मी शेजारी आहे.
तुझी,
सुवार्ता