ऊत्येखोवची माती

ऊत्येखोव, ब्रनो
१२ मे २०२४

ती. चंदाताईस,
शालूचा नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळा.

काल खिडकीशी बसून केस विंचरताना एकदम आठवलं. आई पहाटेच टोपली घेऊन बोईसरच्या बाजाराला जायची आणि पंढरीदादा आपल्या वेण्या घालायचा. होडीचे दोर वळायची सवय, त्यामुळे इतक्या घट्ट की शाळेत सिस्टर विचारायच्या, डोळे का ताणलेत. तुझी वेणी आधी व्हायची, कारण तू रडायचीस. हे तू आजही कबूल करणार नाहीस.

ताई, मी दादाला भेटून आले. आईला हे सावकाश वाचून दाखव. फोनवरचा आवाज भुताचा असतो असं ती म्हणते, म्हणून पत्रच लिहिते आहे.

चौऱ्याऐंशी साली त्याच्या गिरणीने पाठवलेलं पत्र मी सोबत आणलं होतं. रेशमाचे माग शिकायला परदेशी पाठवलेला आपला कामगार न्युमोनियाने वारला, ऊत्येखोव येथे पुरला, एवढंच त्यात आहे. भाग्येशने ब्रनोत नोकरी धरली तेव्हा नकाशावर हे नाव शोधलं, तर ते शहराच्याच टोकाला निघालं. माझ्या पोराने मुद्दाम इथेच घर घेतलं. बसचा शेवटचा थांबा, चार गल्ल्या, पुढे नुसतं जंगल. म्हणायला शहराचा भाग, पण आपल्या घिवलीहूनही लहान.

कबरी थोड्याच आहेत. सगळ्यांवर नावं, फक्त कुंपणाकडच्या एका लोखंडी क्रूसावर नाही. शेजारच्या म्हाताऱ्याने भाग्येशला सांगितलं की तो कुणी परका होता, हिवाळ्यात गेला. मला आणखी काय हवं होतं? मी तीळ-पाणी दिलं, बसून रडले. आता रोज जाते.

तिथली मूठभर माती चहाच्या डब्यात भरून भाग्येशच्या मित्राबरोबर, मेहुलबरोबर, पाठवते आहे. तो सुट्टीवर बोईसरला येतोय. दर्यावरच्या माणसाचं पोर जमिनीखाली नको, पाण्यात जाऊ दे, एवढंच आई चाळीस वर्षं मागते आहे. पावसासाठी होड्या वर ओढायच्या आत तुझ्या कैलासला ती माती खोल समुद्रात सोडायला सांग.

तुझा लोभ मला पुरतो, तो आहे तेवढाच असू दे.

तुझी
शालू

*

घिवली
४ जून २०२४

चि. शालूस आशीर्वाद. रडायचीस तू, मी नव्हे.

डबा पोचला. आईने तो दोन्ही हातांनी घेतला, झाकण काढून वास घेतला आणि उशाशी ठेवला. कैलासने होडी तयार ठेवली होती. आई म्हणाली, उद्या. दुसऱ्या दिवशीही उद्या. मग मासेमारी बंद झाली आणि होड्या किनाऱ्यावर आल्या. कैलास माझ्यावर चिडला. आजीच्या मनात नसेल तर सांगायचं ना, डिझेल भरून बसलो होतो, म्हणाला. त्याला काय सांगू? एकोणनव्वद वर्षांच्या बाईला आपलं पोर हातचं सोडवत नसेल, असं मला वाटलं.

पण एक गोष्ट लिहिते, हसू नकोस. रोज दुपारी चारच्या सुमारास आई मला दाराशी पाट मांडायला लावते. कुणीतरी येऊन बसतं म्हणते. मी विचारलं, दादा का? तिने पदराने पाट पुसला. त्या वेळी घरात ओल्या पाल्याचा वास येतो, आपल्याकडचा नव्हे, कुठल्यातरी दाट रानाचा. परवा धीर करून मी त्या पाटावर हात ठेवला. गार होता. शालू, घिवलीत जूनमध्ये माठातलं पाणीसुद्धा इतकं गार नसतं.

आई पाटापुढे ताटलीत भाजलेले बोंबील ठेवते. ते तसेच राहतात. संध्याकाळी मांजरही तोंड लावत नाही.

मला भीती वाटत नाही असं नाही. पण आई शांत आहे, जेवते आहे. तू तब्येत सांभाळ, थंडीत कान बांधत जा.

नेहमीची माया.

चंदा

*

ऊत्येखोव, ब्रनो
२५ ऑगस्ट २०२४

ती. ताई,
नमस्कार. हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

त्या क्रूसावर दादाचं नाव घालावं म्हणून मी भाग्येशला घेऊन इथल्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी जुनी वही काढली. चौऱ्याऐंशी साली इथे एकही हिंदुस्थानी माणूस पुरलेला नाही. तो क्रूस त्याहूनही जुना, कुणा रस्त्यावरच्या मजुराचा. नाव त्यांनाही माहीत नाही. मग त्यांनी विचारलं, तुमचा भाऊ कुठे कामाला होता? रेशमाच्या गिरणीत म्हटल्यावर त्यांनी नकाशा उघडला. मोराव्स्का त्रेबोवा या रेशमाच्या गावाजवळ आणखी एक ऊत्येखोव आहे. हेच नाव, हीच अक्षरं. इथून गाडीने दीड तास.

आम्ही तसेच निघालो. छोटं खेडं, शेतं, एक टेकडी. तिथे दादा आहे, ताई. लाकडी क्रूसावर पत्र्याची पट्टी आणि त्यावर त्याचं नाव. एक अक्षर चुकलंय, पण तोच. मी पट्टीवरून हात फिरवला आणि मला रडू आलं नाही. सगळं रडणं मी दुसऱ्याच माणसापाशी संपवून बसले होते.

तीन महिने परक्याला पाणी दिलं, दादा म्हणून हाक मारली. आईच्या उशाशी मी कुणाला आणून बसवलं? नारळी पुनवेनंतर कैलासने माती सोडली असेल तर आईला काही कळू देऊ नकोस. नसेल तर तूच सांग काय करू. इथे आता संध्याकाळी कुंपणाकडे जायला पाय उचलत नाही, आणि गेले नाही तर तो वाट बघतोय असं वाटत राहतं.

रागावलीस तरी चालेल, पण लिही.

शालू

*

घिवली
२० सप्टेंबर २०२४

चि. शालू,
आशीर्वाद. रागावले नाही.

तुझं पत्र ओटीवर एकटीच वाचत होते. आईने आतून विचारलं, शालूनं काय लिवलंय? मी म्हटलं, तिकडे पाऊस आहे. ती म्हणाली, खोटं बोलायला सिस्टरांनी तुला नीट शिकवलं नाय. मग स्वतःच भिंत धरत बाहेर आली आणि पाटाकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्यो आपला पंढरी नाय. पंढरी बोंबलाच्या वासाला मेलेला उठंल. ह्याला तर मासं खायाचं कसं तेच ठावं नाय."

शालू, तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डब्याचा वास घेतला तेव्हाच. म्हणून तर नारळी पुनवेनंतरही तिने कैलासला दोनदा माघारी पाठवलं. मग सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. ती उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "परक्याचं पोर दर्यात कसं सोडू? त्याची आय तिकडं बगत असंल. आन् आलाय तर बसू दे घटकाभर."

मी सगळं पत्र तिला वाचून दाखवलं. दादाच्या पट्टीचं वाचताना तिने माझा हात धरला होता. पुन्हा वाच म्हणाली. तीनदा वाचलं.

तिची तब्येत उतरली आहे. डॉक्टर फार बोलत नाहीत. म्हणून तिने जे सांगितलं ते खाली तिच्याच क्रमाने लिहिते, त्यात आपलं काही घालू नकोस.

दोघींची माया तुला आणि भाग्येशला.

चंदा

ता. क. चहाचा डबा पुन्हा सुट्टीवर आलेल्या मेहुलबरोबर परत येतोय. त्यातली माती तू स्वतः त्या बिननावाच्या क्रूसाखाली घालायची, भाग्येशच्या हाताने नाही, कारण आणली तू होतीस. त्याचं पाणी बंद करायचं नाही. एकदा दिलं की तो आपला. सर्वपित्रीला इथे मी दादाच्या पानाशेजारी त्याचंही पान वाढीन, त्यावर पाव आणि लोणी. दादाची माती त्या दुसऱ्या ऊत्येखोवहून नव्या डब्यात भरून कैलासकडे पाठवायची. आई असेपर्यंत तो डबा पोचला तर ती होडीत बसून स्वतः सोडेल, नाहीतर मायलेकांना एकाच फेरीत न्यायचं. आईची नथ तुला, पाटल्या मला, माशांची टोपली कैलासच्या बायकोला. दादाच्या ट्रंकेतून परत आलेला राखाडी लोकरीचा स्वेटर चहाच्या डब्याबरोबरच येतोय. तो त्या परक्याला. क्रूसाला घाल आणि बटणं लाव. आई म्हणते, पंढरी दर्यात येणार, त्याला तो लागायचा नाही.