बाबांच्या कपातला अंबाडीचा चहा

माय, तुझ्या लेकाने ब्लडप्रेशरच्या गोळ्या बंद केल्या आहेत आणि त्याचं कारण तू आहेस. इतकी वर्षं झाली तुला जाऊन, फोटोला हार घालून झाले, दर पितृपक्षात तुझ्या आवडीची कढी करून झाली, आणि आता या वयात तुझ्यावर चिडायची वेळ माझ्यावर आली आहे. चिडून बोलावं तर समोर कोणी नाही, म्हणून लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं. घरी आलेलं प्रत्येक पत्र मीच तुला चुलीपुढे बसून वाचून दाखवायची आणि तू मध्येच थांबवून "थे पुन्हा वाच" म्हणायचीस. तेव्हा हेही मलाच वाचावं लागणार आहे.

मागच्या आठवड्यात अकोल्याहून मोर्शीला गेले होते. शेताच्या धुऱ्यावरची, बांधावरची अंबाडी लाल झाली आहे. दादाने ओसरीभर सतरंज्या अंथरून ती वाळत घातली होती आणि स्वतः मधोमध बसून पाकिटं भरत होता. हो, पाकिटं. तुझ्या लेकाने साठी उलटल्यावर फुलांच्या चहाचा धंदा काढला आहे. अंबाडीची फुलं, गुलाबाच्या पाकळ्या आणि रंगाला थोडी निळी गोकर्ण. खरं तर ती अंबाडीची बोंडं, पण आपल्याकडे त्यांना फुलंच म्हणतात, आणि पाकिटावर फूल म्हटलं की जरा भाव येतो. गुरुकुंज मोझरीला येणारे लोक घेतात, सेमाडोहला वाघ पाहायला निघालेले घेतात. वाघ दिसला नाही तर निदान चहा घेऊन परततात. पाकिटावर बाबांचा फेट्यातला फोटो आहे आणि त्याखाली या चहाने काय काय बरं होतं ते छापलं आहे: रक्तदाब, साखर, वजन, पोट, झोप, केस, कांती आणि मनःशांती. माय, तू होतीस तोवर अंबाडी नुसती आंबट होती. पाल्याची कण्या टाकून भाजी व्हायची, बोंडांची चटणी व्हायची, आणि कांती कोणाची उजळलेली मी पाहिली नाही. ते सगळं मी सोडून दिलं असतं. पण शेवटची ओळ अशी आहे: आमचे बाबा या चहावर पंच्याऐंशी वर्षे जगले, एकही गोळी न घेता.

मी ती ओळ वाचत उभी होते तेवढ्यात वहिनीने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. भाजी परतता परतता, आवाज बाहेर जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "बाई, तुमी तरी सांगा त्याईले. पोळ्यापासून गोळी बंद हाये. परवा धुऱ्यावर चक्कर येऊन खालीच बसले. मले म्हणे, ऊन लागलं. आता या थंडीत कुठचं ऊन?" मी तशीच बाहेर आले आणि दादाला विचारलं. तो पाकिटाचं तोंड बंद करत होता. मान वर न करता म्हणाला, "कायले घेऊ गोळी? बाबानं घेतली का कधी?"

मी शाळेत जन्मभर गणित शिकवलं. चुकीचं उत्तर समोर दिसत असताना गप्प बसायची सवय मला नाही. पण त्या दिवशी मी गप्प बसले, आणि ते तुझ्यामुळे.

तुला आठवत असेल, बाबा संत्र्याच्या बगिच्यात पडले होते. डॉक्टरांनी दाब मोजला, गोळ्या लिहून दिल्या, रोज घ्यायच्या म्हणाले. बाबांना रोज हा शब्दच झोंबला. रोज गोळी म्हणजे आपण पेशंट, आणि पेशंट म्हणजे घरात बसून पोरांचं ऐकायचं. त्यांनी अख्खं पाकीट संत्र्याच्या आळ्यात पुरून टाकलं आणि तुला सांगितलं, "झाडाचा दाब वाढला असंल, त्याले दे." सगळं घर हसलं. तू हसली नाहीस. दुसऱ्या दिवसापासून तू वाळलेल्या अंबाडीचा चहा करायला लागलीस. पाणी उकळायचं, बोंडं टाकून झाकून ठेवायचं, गाळून किंचित गूळ. डाळिंबासारखा रंग यायचा. बाबांचा स्टीलचा कप वेगळा, तो ओट्याच्या कोपऱ्यात कोमट व्हायला ठेवलेला. बाबांना ते आवडलं. फूल ही गोष्ट पुरुषाला औषध वाटत नाही, हे तू नेमकं ओळखलं होतंस.

मी पहिल्या बाळंतपणाला घरी आले तेव्हा हे रोज पाहायची. एका सकाळी लवकर उठून पाणी प्यायला आले तर तू खाली बसून पाटावर पळीच्या बुडाने काहीतरी कुटत होतीस. पांढरी भुकटी. मला वाटलं माझ्यासाठीच काही औषध आहे, म्हणून विचारलं. तू दचकलीस, मग पदराने पाट पुसलास, भुकटी बाबांच्या कपात टाकून चमच्याने ढवळलीस आणि मला जवळ ओढून म्हणालीस, "तुह्या बापाले सांगशील, नाई त कोणालेबी सांगशील, तर माह्यं मेलेलं तोंड पाहशील." पोटुशी पोरगी मी, आईच्या मरणाची शपथ घातल्यावर काय बोलणार? डॉक्टरांना तू विचारून आली होतीस, हे मला नंतर कळलं. बाजाराच्या दिवशी भाजीखाली लपवून गोळ्या आणायचीस, हेही नंतर.

झालं. महिन्याभराने बाबा तपासायला गेले तर दाब उतरलेला. डॉक्टरांनी काय घेता विचारलं तर म्हणाले, अंबाडी. डॉक्टरांनी तुझ्याकडे पाहिलं आणि तू भिंतीकडे. तिथून बाबा जे सुटले ते कोणाला ऐकेनात. आल्यागेल्याला अंबाडी सांगायचे, कागदाच्या पुडीत बांधून द्यायचे, गोळी खाणाऱ्या माणसाकडे दया आल्यासारखं बघायचे. लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या स्टँडवर, जिथे तिथे तेच. तू बाजूला उभी राहून पदर सावरायचीस. मी सासरहून आले की तुझ्याकडे बघायची आणि तू डोळ्यांनी दटावायचीस. ठीक आहे, ते होते तोवर ठीक होतं. पण ते झोपेत शांतपणे गेले, तेराव्याला सगळा गोतावळा जमला, प्रत्येकजण म्हणत होता की या माणसाला फुलांनी जगवलं, आणि तेव्हाही तू मान डोलावलीस. तेव्हा तरी सांगायचं. आता कोणाचा दाब वाढणार होता? की नवऱ्याचं हसं होऊ नये म्हणून? तुझं तुलाच माहीत. वर्षभराने तूही गेलीस आणि शपथ तेवढी माझ्याकडे राहिली.

वैताग याचा आहे की चहा वाईट असता तर बरं झालं असतं. तो वाईट नाही. अकोल्याच्या माझ्या डॉक्टरांना मी दादासाठी विचारलं. ते म्हणाले, अंबाडीने काहींचा दाब थोडा उतरतो. दूध नाही, साखर बेताची, चहापत्तीचा त्रास नाही, पोटात पाणी जातं आणि माणूस पाच मिनिटं एका जागी बसतो, यातलं काहीच वाईट नाही. गुलाबाने बरं वाटत असेल तर गुलाब टाका. पण तो गोळीसोबत प्यायचा, तोही विचारून, गोळीच्या जागी नाही. मी हे दादाला सांगितलं तर म्हणाला, "डॉक्टरचं पोट गोळीवरच हाये." आता या माणसाशी काय बोलायचं? बाबांच्या जिवंत उदाहरणापुढे, म्हणजे मेलेल्या उदाहरणापुढे, माझं काही चालेना.  

मग दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचार केला. तुझं मेलेलं तोंड मी पाहिलं आहे. शपथ पाळूनही पाहिलं. म्हणजे शिक्षा भोगून झाली आहे आणि गुन्हा अजून करायचा बाकी आहे. तुझ्या हिशेबात हे बसत नसेल, पण माझ्या गणितात बसतं. ओसरीत दादा आपला चहा घेऊन बसला होता, वहिनी दारात उभी होती. मी सांगून टाकलं. पाट, पळी, भुकटी, बाजाराची पिशवी, सगळं.

दादा आधी हसला. मग त्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "मेलेल्या मायच्या नावानं असं बोलून राहिली तू? माय बाबाले फसवंल?" मी म्हटलं, फसवलं नाही, वाचवलं. तो उठायलाच निघाला. "तू घेतलं शिक्षण, तुले सगळ्याईचं खोटंच दिसते." मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या संतापातच मला ती थप्पड आठवली.

तुला आठवते का? दादाचं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. तो शेतातून तहानलेला आला आणि ओट्यावरचा बाबांचा कप उचलून तोंडाला लावणार, तोच तू त्याच्या हातावर फाडकन मारलंस. कप खाली पडला, नव्या सुनेच्या पायापर्यंत लाल ओघळ गेला. "ज्याचं त्याले पिऊ दे," एवढंच म्हणालीस. कर्त्या पोराला, बायकोसमोर, घोटभर चहापायी मारलंस. तो त्या दिवशी घरी जेवला नाही. नंतर तू त्याच्यासाठी वेगळ्या कपात तसाच चहा केलास, गूळ जास्त घालून, तर त्याने तो बादलीत ओतला. तुझ्या हयातीत तो ते पाणी कधी प्यायला नाही. बाबा गेल्यावर, तूही गेल्यावर, कुठे प्यायला लागला.

मी विचारलं, "दादा, मायनं तुले एकदाच मारलं. कायच्यापायी मारलं होतं?"

तो उभ्याचा खाली बसला.  उजवा हात उलटा करून बघत राहिला, तिथे अजून काही दिसत असल्यासारखा. मग वहिनीला म्हणाला, "म्हणजे त्याच्यात गोळी होती." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मले इतके दिवस वाटे, बाबापुढं मायले मी दिसतच नाई." साठीचा माणूस, माय, नाकाडोळ्यांतून वाहायला लागला. तुझ्या एका न सांगण्याने तो जन्मभर हे घेऊन हिंडला, आणि वर तुझीच अंबाडी विकत बसला. मी तुला काय म्हणू?

वहिनीने आतून गोळी आणली. अख्खी नव्हती. मसाल्याच्या डब्याच्या तळाशी ठेवलेली कागदाची पुडी होती, आत पांढरी भुकटी. ती खाली बघत म्हणाली, "कालच कुटून ठेवली होती. चहात टाकाले हिंमत नाई झाली." मला हसावं की रडावं कळेना. दादाने ती पुडी बाजूला सारली. "अख्खी आण. अन् आधी डॉक्टरले फोन लाव, इतके दिवस बंद होती." त्याच दुपारी आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मला बाहेर बसवून त्याला चांगलं झापलं. ऐकू येत होतं, बरं वाटलं. परतताना गाडीत तो एकच प्रश्न विचारत होता, "छापलेल्या पाकिटाईचं काय करू?" वहिनी म्हणाली, "शेवटची ओळ खोडून टाकू काळ्या पेनानं. बाबाचा फोटो राहू द्या." निघताना तिने मला चार पाकिटं दिली, ओळ खोडलेली.

आता मी अकोल्याला परत आले आहे. हे लिहून झालं की घडी करून ठेवीन, कुठे टाकायचं नाही. पण तुला सगळं वाचून दाखवायचं तर हेही वाचावं लागेल. माझाही दाब वाढला आहे. डॉक्टरांना मी दादासाठी विचारलं असं वर लिहिलं, ते खरं नाही; माझ्यासाठीच विचारलं होतं. त्यांनी पावसाळ्यातच मला गोळी लिहून दिली, ती आणली, आणि ती पर्समध्ये तशीच आहे, एकही फोडलेली नाही. रोज सकाळी मी अंबाडीचा चहा पिते. कपात काय होतं ते जगात मला एकटीला ठाऊक होतं, तरी मी बाबांवरच विश्वास ठेवून बसले.

चहा समोर कोमट झाला आहे. गोळी काढली आहे. मला ती सरळ गिळता येते, पाण्यासोबत, काही अडचण नाही. तरी घरात पाट नाही म्हणून ताटलीत ठेवून पळीच्या बुडाने कुटते आहे. अर्धी बाहेर उडाली. तुझ्याकडून कधी कणही सांडला नव्हता, माय.