हवा मोजणारी तार

बाबा, तुमची गाडी अजून माझ्याकडेच आहे. मनीषनगरच्या घराच्या पोर्चमध्ये उभी असते. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण तुम्हाला काही लिहावं असं कधी वाटलं नाही. आपल्यात बोलणंही बेताचंच होतं. दिवाळीनंतर गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागला, आणि त्यापुढे जे झालं ते दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

नुसत्या दिव्याचं काही वाटलं नसतं. पण गाडी उभी असताना इंजिन एका चालीवर राहीना. आवाज हळूहळू चढायचा, मग उतरत उतरत इतका बारीक व्हायचा की वाटावं, बंद पडलं. दोन क्षण काहीच नाही. मग पुन्हा खालून उचलायचा. पहिल्या दिवशी मी स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता ऐकत बसलो. हा आवाज मला पाठ होता. शेवटच्या हिवाळ्यात तुमचा श्वास असाच चालायचा. हृदय थकलं की असं होतं, डॉक्टर म्हणाले होते. मी पलीकडच्या खोलीत पडून ऐकायचो, आणि मधल्या थांब्यात माझाही श्वास थांबायचा.

मेकॅनिकने मशीन लावून दिवा घालवला. चार दिवसांनी तो परत लागला. "सर, हवेचा सेन्सर गेला तुमचा. नवीन टाकून टाका, झंझटच खतम," तो म्हणाला. मी म्हटलं, आधी साफ करून पाहतो. "करा मग. तुमचाच जीव तिच्यात अटकून राहिला," तो हसला आणि साफ करायचा स्प्रे हातात दिला.

साफ करणं तुम्हीच शिकवलं होतं. खापरखेड्याच्या क्वार्टरसमोर, एका रविवारी. गाडी घेऊन वर्षही झालं नव्हतं. वीज केंद्रात जन्मभर मीटर आणि सेन्सर दुरुस्त केलेले तुम्ही, गाडी गॅरेजला न्यायला तयार नव्हतात. एअर फिल्टरजवळच्या नळीतून तुम्ही तो बोटाएवढा सेन्सर काढता, माझ्या तळहातावर ठेवता. आत केसाहून बारीक दोन तारा. "इंजिनात किती हवा जाऊन राहिली, ते ही तार सांगते. तिच्यावर धूळ बसली का मग खोटं बोलते," तुम्ही सांगता. मी ओठ गोल करून फुंकर मारायला जातो, आणि तुम्ही हातावर चापट मारता.

"फुंकू नको बे! सूत हाय का ते? तोंडाची वाफ लागते तिले. बोटही नको लावू. स्प्रे मार अन् सुकू दे."

मग तुम्ही स्वतःच हसलात. उमरेडला आजोबा मागावर बसले की धाग्यावरचा कापूस असाच फुंकून उडवायचे, आणि घरात काहीही बिघडलं की आपण सगळे आधी फुंकतो. "कोष्ट्याचा पोरगा, फुंकल्याशिवाय राहते का!" असं तुम्ही शेजारच्या काकांना ओरडून सांगितलंत. मला तेव्हा लाज वाटली होती.

स्प्रे घरात असूनही महिनाभर मी सेन्सरला हात लावला नाही, तो आईमुळे. आई आता पुष्कळ विसरते. पण तुम्ही नाही हे तिला ठाऊक असतं, फोटोला हार तीच घालते. एका सकाळी गाडी सुरू ठेवून मी डबा घ्यायला आत आलो, तर ती तुमच्या रिकाम्या दिवाणाशी बसली होती आणि चादरीवरून हात फिरवत होती, तुमची पाठ चोळायची तसा. बाहेर आवाज चढला की हात वर जाई, उतरला की खाली येई, थांबला की थांबे. "त्याईले आज दम लागून राहिला गा," ती म्हणाली. "कोमट पाणी आण." मी आणून दिवाणापाशी ठेवलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली. मग मी रोज निघण्याआधी गाडी पाच मिनिटं पोर्चमध्ये चालू ठेवू लागलो.

एक दिवस लकडगंजच्या चौकात गाडी बंद पडली. मागचा ट्रक अगदी टेकायला आला होता. त्या रविवारी मी सेन्सर काढला. बोट लावलं नाही. स्प्रे मारला, उन्हात ठेवला. तारांकडे बघताना ओठ गोल झाले होते. फुंकलं नाही, असं मला वाटतं. सगळं बसवून गाडी सुरू केली. दिवा नव्हता, आवाज एकसारखा, चढ नाही, उतार नाही. आत आलो तर आईचा हात चादरीवर मध्येच थांबलेला.

"काहून थांबला गा?"

"झोप लागली त्यांना."

"अशी एकाएकी?"

बाबा, हेच शब्द मी याच घरात आधी एकदा बोललो आहे. त्या सकाळी मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. तुमचा श्वास उतरला, थांबला, आणि पुढचा आला नाही. मी गाळणी हातात धरून वाट पाहत उभा राहिलो. आई न्हाणीतून आली. "आवाज नाही येऊन राहिला त्याईचा?" तिने विचारलं. मी म्हटलं, झोप लागली त्यांना. आणि तिच्यापुढे चहा ठेवला. तिने तो बसून, निवांत, पूर्ण कप प्यायला. मग मी तिला तुमच्याकडे नेलं. हे तिला आजवर माहीत नाही.

सेन्सर साफ केल्यावर दोन दिवस आई धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी गाडीतला दिवा पुन्हा लागला, आणि आवाजही तसाच सुरू झाला. मेकॅनिक म्हणतो, तार तर एकदम साफ आहे, असं व्हायला नको. मी त्याला म्हटलं, राहू द्या. ऑफिसला आता मेट्रोने जातो. गाडी फक्त सकाळी सुरू करतो, गेट सताड उघडून. आई पाणी मागते, मी आणून देतो, ती जेवते.

आईसाठी करावं लागतं, असं मी मेकॅनिकला सांगितलं आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. म्हणून एवढं लिहितो, की परवापासून आई उमरेडला मामाकडे आहे आणि घरात मी एकटाच आहे. तरी काल गाडी सुरू केली. आजही केली, आणि चहा न ठेवता तुमच्या दिवाणाशी येऊन बसलो.