माझ्या नावाची मूठ

बुधवार, ३० जुलै

पोचले एकदाची! शिरपूरच्या अलीकडे हायवेला एसटीतून उतरले, पुढे रिक्षा, मग फरशी ओलांडून पिंपळझिरे. फरशी म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल. आज तिच्याखालून वीतभर पाणी वाहत होतं. आबांना फोनवर पोचण्याची वेळ बारा सांगितली. नंतर घड्याळ पाहिलं तर सव्वाबारा झाले होते, म्हणून पुन्हा फोन करून सव्वाबारा सांगितले. फोनवर आबांच्या मागून धाकटी बहीण डिंपल ओरडली, "ताई, सेकंद राहिले!"

सुट्टीसाठी भाड्याने घेतलेलं घर फोटोतल्यापेक्षा छान आहे. दोन मजली, फिकट निळं. मागच्या ओट्यावरून तापी दिसते, एवढी रुंद की पलीकडची माणसं मुंग्यांसारखी वाटतात. खालच्या दोन खोल्या माझ्या. वरचा मजला घरच्यांचा म्हणून कुलपात. देवपूरच्या कॉलेजात प्रयोगशाळेत लागून मला दोन वर्षं झाली. ही माझी पहिली सुट्टी, आणि एकटीने राहण्याचीही पहिलीच वेळ. आबांनी हो म्हणायला आठ दिवस घेतले. शनिवारी दुपारपर्यंत घरी परतायचं, या बोलीवर.

घर सांभाळणारे रुपचंदभाऊ आणि कमलबाई. कमलबाईंनी दारातच विचारलं, "एकली उनी का वं?" हो म्हटल्यावर त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि चहात दुसरा चमचा साखर घातली. पाहुण्यांची वही पुढे केली. मी नाव, गाव, येण्याची तारीख लिहिली, जाण्याचीही लिहिली : २ ऑगस्ट. जाताना लिहायची असते, आत्ताच कशाला, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, असू द्या, माझं ठरलेलं आहे.

गुरुवार, ३१ जुलै

सकाळी दोन तास ओट्यावर नुसती बसून होते. असं रिकामं बसल्यावर उगाच अपराधी वाटतं, म्हणून मग चादरी पुन्हा घड्या करून ठेवल्या.

रविवारी कानबाई, आमच्या देवीचा श्रावणातला सण. शनिवारी आमच्याकडे रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू माणशी एक मूठ असे मोजतात, म्हणून तर शनिवारची बोली. रोट घरच्यांनीच खायचे. परक्याला कण द्यायचा नाही, टाकायचा तर नाहीच. भावकीत सगळीकडे गव्हाच्या मुठी पुरुषांच्या नावाने पडतात. आमच्या घरात आबा एकटेच पुरुष. मी पाच वर्षांची असताना त्यांनी मला ताटासमोर बसवून माझा हात गव्हात घातला. काका सगळ्यांदेखत म्हणाले, "प्रेमराज, पोरी परक्या घरच्या, त्यांच्या मुठी कसल्या मोजतो?" आबा म्हणाले, "आज जेवतात कुठे? तिथे मोजतो." काका त्या वर्षी आमच्याकडे जेवले नाहीत. पुढची दोन वर्षंही आले नाहीत.

तेव्हापासून मुठी मीच टाकते. आबा, आई, डिंपल आणि शेवटी दिपमाला. आपलं नाव शेवटी घ्यायचं, हेही आबांनीच शिकवलं. लिहिणं-वाचणं मी शाळेत शिकले, बाकी सगळं त्या ताटासमोर.

शुक्रवार, १ ऑगस्ट

रात्रभर पाऊस. धरणाचे दरवाजे उघडलेत असं रुपचंदभाऊ सांगत होते. नदी ओट्याच्या दोन पायऱ्या वर आली आहे, रंग विटकरी.

दुपारी एक वाजता वरच्या मजल्यावर मोबाइल वाजला. बराच वेळ. तो थांबला आणि दुसरा वाजला, वेगळ्या सुराचा. वर कोणी आहे का, असं मी कमलबाईंना विचारलं. घरची माणसं आहेत म्हणाल्या. मग कुलूप कशाला, हे विचारायचं राहून गेलं. खरं तर राहून गेलं नाही, विचारायचा धीर झाला नाही.

शनिवार, २ ऑगस्ट

फरशी बुडाली. सकाळी बॅग घेऊन गेले तर पुलाचा कठडासुद्धा दिसत नव्हता. रुपचंदभाऊ म्हणाले, दोन दिवस तरी नाही. आबांना फोन करताना रडू आलं. आबा म्हणाले, वेडी का काय, पाण्याशी भांडायचं असतं का? तू नसलीस तरी तुझ्या नावाची मूठ मी टाकीन. मग बरं वाटलं.

पुढचं जसं घडलं तसंच लिहिते, कारण चूक माझी आहे.

दुपारी कमलबाई गव्हाचं ताट घेऊन स्वयंपाकघरात बसल्या होत्या. त्यांच्या तळहाताला विळ्याने कापलेलं, वर चिंधी. म्हणाल्या, "मना हातले चीर पडेल शे, तूच टाक माय." मी परकी, मी कशी टाकू, असं म्हटलं. हात लावायला काय होतं, खायचं थोडीच आहे, असं त्या म्हणाल्या. नाही म्हणणं बरं दिसेना. कितला, किती मुठी, असं मी विचारलं. "घरना जितला शेतस तितला." त्या नावं सांगत गेल्या, मी मूठ टाकत गेले. रुपचंद. कमलबाई. तोताराम. ज्योत्स्ना. हेमराज. कामिनी. नवीन.

सात झाल्या. त्या थांबल्या. माझा हात थांबला नाही. एकवीस वर्षांची सवय. आठवी मूठ पडली आणि मी मोठ्याने म्हटलं, दिपमाला.

लगेच हात मागे घेतला, पण गहू गव्हात मिसळले होते. मी दहादा माफी मागितली. कमलबाई ताटाकडे बघत म्हणाल्या, "जाऊ दे. नाव निंघी गयं." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवार, ३ ऑगस्ट

सकाळी अंघोळ करून पाया पडायला गेले. चौरंग होता, नवं कापड होतं, पण त्यावर कानबाई नव्हती. नारळ नाही, नथ नाही, काही नाही. मी विचारलं. रुपचंदभाऊ म्हणाले, आमच्यात देवी मांडत नाहीत. हे रोट घराचे. देवीशिवाय रोट मी कधी पाहिले नाहीत.

आईचा फोन. हसत सांगत होती, काल आबा तीन मुठी टाकून थांबले, चौथं नाव काही केल्या आठवेना, डिंपलने तुझं नाव सांगितलं तेव्हा कुठे पुढे हात गेला. म्हातारे झाले तुझे आबा, म्हणाली. मीही हसले.

दुपारी आठ ताटं. पाच ताटांसमोर कोणी नाही. आठवं माझं. मी उठून जायला निघाले तर कमलबाईंनी मनगट धरलं. "तुना नावना रोट तुलेच खाना पडी." मला माहीत आहे ते. ज्याच्या नावाचे त्याने खायचे. दुसऱ्याने खाल्ले तर त्याला बाधतं, टाकले तर पाप. मूठ मी टाकली, माझ्या तोंडाने नाव घेतलं. मी न खाता उठले असते तर त्यांच्या घरचं सगळं मोडलं असतं.

खाल्ले. दोन. गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीबरोबर. चव आमच्या घरच्यासारखीच होती.

आत आले तेव्हा मागे ताटांचे आवाज येत होते. सगळ्या ताटांचे.

सोमवार, ४ ऑगस्ट

वरचं कुलूप उघडं होतं. जेवायच्या वेळी पाच जण खाली आले. मी ओरडणार होते, पण ओरडण्यासारखं त्यांच्यात काही नव्हतं. साधी माणसं. तोताराम नावाचे वयस्कर गृहस्थ, दोन बायका, दोन तरुण. कामिनी माझ्याच वयाची. तिने माझ्यासाठी पाट सरकवला आणि विचारलं, तुझी कशी पडली मूठ? मी सांगितलं. ती म्हणाली, माझी हौसेने. कमलबाई सगळ्यांवरून नजर फिरवत हसून म्हणाल्या, "आज बठ्ठा शेतस."

जेवण झाल्यावर पाचही जण ओट्यावर गेले. प्रत्येकाने मोबाइल काढला, नदीकडे तोंड करून कानाला लावला. मी दारात उभी होते. पलीकडून येणारे आवाज मला ऐकू येत होते. कोण बोलतंय? राँग नंबर. कोण पाहिजे तुम्हाला? पाचही जणांनी फोन खाली ठेवले आणि हात धुवायला गेले, जणू हे रोजचंच.

वही काढून पाहिली. तोताराम, जामनेर. ज्योत्स्ना, पारोळा. हेमराज, कामिनी, नवीन. सगळे पाहुणे. येण्याच्या तारखा वेगवेगळ्या वर्षांच्या, सगळ्या श्रावणातल्या. जाण्याचा रकाना रिकामा. माझी ओळही पाहिली. २ ऑगस्ट मी स्वतः लिहिलं होतं, निळ्या पेनाने. खाडाखोड नाही. तिथे कागद कोरा आहे.

आईला फोन केला. तिने दोनदा डिंपल म्हटलं. मी म्हटलं, आई, मी दिपा. तिने नाव स्वतःशी पुटपुटून पाहिलं. मग, हो, हो, दिपा. पण ज्या सुरात ती कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणींशी बोलते, त्या सुरात.

मंगळवार, ५ ऑगस्ट

फरशी उघडी. बॅग घेतली नाही, पळत निघाले. कोणी अडवलं नाही. कमलबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, जेवायच्या आत ये.

हायवेला एसटी मिळाली. कंडक्टरने विचारलं, कुठे? मी म्हटलं, पिंपळझिरे. तो म्हणाला, ताई, तिथूनच तर बसलात. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच तोंडातून आलं. आमची गल्ली नाही, नदी नाही, कॉलेज नाही — गावाचं नाव जिभेपर्यंत येतच नव्हतं. गाडी थांबवून त्याने उतरवलं, सभ्यपणे.

बाराला परत आले. ताट वाढलेलं होतं.

मग फोन. आईने विचारलं, कोण? मी सांगितलं. ती म्हणाली, बाई, मला एकच मुलगी आहे. मी रडायला लागले. मी काकांचं सांगितलं, ताटाचं सांगितलं, तुमच्या घरात चौथी मूठ पडते हे सांगितलं. तिने फोन आबांकडे दिला. आबा म्हणाले, आमच्याकडे तीनच पडतात. पण तुम्ही रडू नका. कुठून बोलता? पत्ता सांगा. कुणाचीही लेक असलात तरी आम्ही येतो.

मी पत्ता सांगितला. सगळा. फरशीपासून डावीकडे.

तेव्हा काही सुचलंच नाही. आत्ता सुचतंय.

बुधवार, ६ ऑगस्ट

सकाळपासून फोन करते आहे. नका येऊ सांगायला. लागत नाही —

कमलबाईंनी गहू निवडायला काढले आहेत. मी विचारलं, आता कसले? पौर्णिमेपर्यंत उशिरा येणाऱ्यांचे पडतात म्हणे. "कितला येतस?" किती जण येणार, असं मलाच विचारलं. मी नाही सांगितलं. त्या हसल्या. त्यांना माहीत आहे.

मी त्यांना मघाशी आई म्हटलं. चुकून. दोनदा.

अकरा. गाडी आली. आबा, आई, डिंपल. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातलाय, परक्यांकडे जाताना घालतात तो. मला पाहून हात जोडले. म्हणाले, फोन तुम्हीच केला का, ताई? आता बरं आहे ना? डिंपलने माझ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं. आईने पेढे आणलेत —

जा म्हटलं. नीट ऐकू जाईल असं म्हटलं. आबा म्हणाले, एवढ्या लांबून आलोय, पाणी तरी घेऊ. रुपचंदभाऊ त्यांना आत घेऊन गेले.

हातपाय धुतायत. तेवढ्यात लिहिते. आबांना कधी उलट बोलले नाही, साधं अरे ला कारे नाही. आता शिव्या घालायच्या. हाताला धरून बाहेर काढायचं. चोर आहात म्हणायचं, आईची पिशवी रस्त्यावर फेकायची. तिच्यादेखत. पुन्हा कधी या वाटेने येऊ नये असं काहीतरी. त्यांना मी आयुष्यभर तशीच आठवेन. आठवलेच तर.

स्वयंपाकघरातून आबांचा आवाज. तुमच्या हाताला लागलंय वाटतं, अक्का. द्या, आमच्या घरी मीच —

खाली बसल्याचा आवाज. ताट सरकलं.

आबा, नका. मी आले, थांबा, नाव घेऊ