भट्टी कोणती घ्यावी?

दि. १२ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

दादाचे भरभरून आशीर्वाद. आम्ही इकडे मजेत. तुझ्या वहिनीचा गुडघा आता बोलत नाही, ती मात्र पूर्वीइतकंच बोलते. तुझं पत्र आणि सोबतचं सर्किट बोर्डाचं पुडकं मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला. कारखान्यात काम फार होतं, असं समज.

तू विचारलंस, तुझ्या वर्कशॉपसाठी बोर्डावरचं सोल्डर वितळवायची भट्टी कोणती घ्यावी. भट्टीचं मागाहून बघू गं, आधी पार्ट जोडायची ती धातूच्या लगद्यासारखी सोल्डर पेस्ट नीट लागते का ते बघ. निम्म्याहून जास्त भानगडी तिथेच होतात. भोकं पाडलेली पत्र्याची स्टेन्सिल बोर्डावर घट्ट बसली पाहिजे आणि पेस्ट पसरायची पट्टी एका दाबाने ओढायची, मध्येच थांबायचं नाही. पेस्टचा डबा फ्रिजमधून काढला की लगेच झाकण उघडू नकोस. खोलीइतका गरम होऊ दे, नाहीतर आत दव धरतं आणि भट्टीत सोल्डर तडतडून गोळ्या उडतात. आणि हो, घरचा फ्रिज अजिबात वापरू नकोस! तुझ्या वहिनीने एकदा माझा डबा उघडून "हे राखाडी क्रीम कुणासाठी आणलंत?" असं विचारलं होतं. तोंडाला लावायच्या आत मी धावलो म्हणून बरं.

भट्टी घेताना दारावरच्या आकड्यावर भुलू नकोस. तो आकडा आतल्या हवेचा, बोर्डाचा नव्हे. तापमान मोजायची तार बोर्डालाच चिकटवून बघ, कोपरे आणि मधला भाग सारखे तापतात का ते. नाहीतर बारके पार्ट रुसतात. आमच्या लाइनवर हाच शब्द. तांदळाच्या कणीएवढा तो जीव, त्याच्या एका टोकाचं सोल्डर आधी वितळतं आणि त्याला स्वतःकडे ओढतं, की दुसरं टोक हवेत. रुसून उभाच राहतो पठ्ठ्या! वरून दाबून काही होत नाही, दोन्ही टोकांना ऊब एकदम मिळावी लागते.

आता तुझा बोर्ड. "दादा, चुका काढ" असं तू लिहिलंस, म्हणजे मला आयतं कुरणच दिलंस. चष्मा पुसला, भिंग घेतलं, खिडकीपाशी बसलो. सोल्डरची प्रत्येक कड अलगद उतरलेली. आयसी चिपच्या बारीक पायांमध्ये कुठे सोल्डर सांडून जोडलं गेलेलं नाही. रुसलेला एकही नाही. बोर्ड तिरका धरला, उलटा धरला, शेवटी वाकडा तरी असेल म्हणून काचेवर ठेवून पाहिला. वहिनी म्हणाली, "चूक सापडत नाही म्हणून तोंड पाडून बसलेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अगं लबाडे, असा बोर्ड ज्या भट्टीतून निघतो ती भट्टी तुझ्याकडे आहेच की! आणि ती चालवायची कशी हे तुला माझ्याहून चांगलं कळतं. मग मला कशाला विचारलंस? मी वहिनीकडे बघितलं, तर ती घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली. तिनेच तुला फोन केला ना?

म्हणजे तुला सगळं ठाऊक आहे. कारखान्यातली आमची लाइन बंद झाली, नोकरी गेली. सकाळी डबा घेऊन बाहेर पडायची सवय सुटत नाही, म्हणून बाजारातून एक चक्कर मारतो आणि बागेतल्या बाकावर बसून डबा खातो. शेजाऱ्यांना वाटतं, साहेब कामावर गेले.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस, "दादा, तू इकडे ये. वर्कशॉप तू सांभाळ, मी तुझ्या हाताखाली काम करते." खोटं कशाला बोलू, वाचून माझी छाती फुगली. मनातल्या मनात मी तुझी टेबलंसुद्धा हलवून टाकली. थोरला भाऊ, तेव्हा खुर्ची आपलीच, असं मी धरूनच चाललो होतो. आल्या आल्या तुला चार गोष्टी सुनावता याव्यात म्हणून तर भिंग घेऊन बसलो होतो.

आणि सुनावायला काहीच नाही! भिंगरे, इतकी वर्षं लाइनवर काढली, पण इतकं देखणं काम माझ्या हातून कधी झालं नाही. आधी हेवा वाटला. मग असा अभिमान वाटला की बोर्ड घेऊन खालच्या घड्याळवाल्याला दाखवून आलो. "माझ्या धाकट्या बहिणीचं काम," म्हटलं. तो म्हणाला, "शिकवलं कुणी?" मी बोर्ड पुन्हा पुडक्यात गुंडाळला. सोल्डरिंग आयर्न धरायला मी शिकवलं असेल, पण हे तुझं तू मिळवलंस.

तेव्हा ऐक. मी येतो, पण खुर्ची तुझी. ती मला देऊन तू माझा मान राखशील आणि तुझं वर्कशॉप बुडवशील. मला तपासणीच्या टेबलावर बसव. माझं चुकलं तर तुझ्याकडे काम करणाऱ्या चारचौघींसमोर सांग, दादा आहे म्हणून गिळून टाकू नकोस. सोमवारी सकाळच्या बसने निघतो. पहिल्या दिवशी काय करायचं ते तू सांगशील.

घरी तुझा दादा,
कामावर तुझ्या हाताखालचा माणूस