खाटेवरची शिकार

४ मे २०२५

खुब्यात रॉड घातल्यापासून छत बघून बघून डोळे विटले. बाहेर ओसरीवर पुतण्या विकास आणि तांड्याचा नाईक शंकरसिंग बोलत होते. रानडुकरांनी पुसेगावच्या अंगाचा सगळा भुईमूग उकरलाय. मारायची परवानगी आली, पण डुकरं पाण्याला कुठं उतरतात तेच कळेना. मला कुणी विचारलं नाही. इतकी वर्षं शिकारीत सगळ्यांच्या पुढं मी चाललो. आता मी म्हणजे घरातलं सामान!

५ मे

मोबाइलवर नकाशा उघडला. वरून काढलेला फोटो मोठा करत गेलं की आमचा तांडासुद्धा दिसतो. सगळा माळ करपलेल्या भाकरीसारखा. पाझर तलाव कोरडा, नाले कोरडे.

बायको, रुख्मिणी, म्हणाली, "काय बघून राहिले दिवसभर?" म्हटलं, पाणी. तर म्हणते, "रांजणात हाय की."

हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

७ मे

सापडलं! डोंगरापलीकडं बंद पडलेली दगडाची खाण आहे. तिच्या तळाशी काळपट हिरवा ठिपका. फोटोची तारीख बघितली, मागच्याच महिन्याची. म्हणजे पाणी टिकलंय. तिन्ही बाजूंनी उभे कडे, आत शिरायला एकच चिंचोळं तोंड. तिथं माणसं बसली की डुक्कर जाईल कुठं?

विकासला ठिकाण पाठवलं. दुपारी जाऊन बघून आला. "काका, बराबर जागा हाय. चिखलात ताजे खूर हायेत." पोरगं खुशीत होतं. मीही.

भुऱ्याला न्या म्हटलं. माझा कुत्रा, मी पडल्यापासून विकासच्याच दारात बांधलेला असतो. माझ्याऐवजी तो तरी जाऊ दे.

९ मे

गेले. मी नाही.

१० मे

डुक्कर मिळालं, मोठं. विकास उंबऱ्यातूनच सांगून गेला, आत आला नाही. घाईत असेल.

मग रुख्मिणीनं मटणाचा वाटा आणला. एकच. आमच्या तांड्याची रीत – शिकारीला गेलेल्या प्रत्येकाला सारखा वाटा, कुत्र्यालाही. कुत्र्याचा वाटा मालकाच्या घरी येतो. घरी बसलेल्याला काही नाही. म्हणजे हा भुऱ्याचा! पाणी मी शोधलं, आणि खायचं कुत्र्याच्या जिवावर. जेवलो नाही. रुख्मिणीनंही आग्रह केला नाही, ताट उचलून नेलं.

११ मे

कुणी आलं नाही. पाय ठणकतोय.

१२ मे

शंकरसिंग आला. खाटेशेजारी टेकला. मग हळूच, "पुनमभाऊ, दुसरं पाणी बघता काय? तुमच्यासारखं कुणाला जमत न्हाई."

"कुत्र्याला विचार," म्हणालो आणि भिंतीकडं तोंड केलं. तो उठून गेला. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

रुख्मिणी दारात उभी होती. "काहून असं बोलले?" म्हणाली आणि रडायलाच लागली. मी चिडलोच. रडायला काय झालं?

१३ मे

रुख्मिणीनं आज सगळं सांगितलं. खाणीत डुक्कर कोंडलं गेलं, पळायला जागा मिळेना तसं उलटलं. चिंचोळ्या तोंडाशी सगळ्यांच्या पुढं भुऱ्या होता. त्यालाही मागं सरायला जागा नव्हती. तिथंच पुरला. मला तकलीफ नको म्हणून सगळ्यांनी लपवलं.

मेलेल्या कुत्र्याचा वाटा निघत नाही. शंकरसिंगनं रीत मोडून माझा काढायला लावला होता.